मे महिन्यातल्या त्या पिशव्यांसाठी

दादा, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाला मिळालेल्या रक्ताबद्दल आणि तुमच्या रक्तदान शिबिराबद्दल समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही दोघंही विषय बदलता. दादा पावसाचं काढतात, वहिनी चहा टाकायला आत जातात. म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं, तुमच्या गावाचं आणि तुमच्या लेकीचं नाव यात घालणार नाही, तसं तुम्हाला कबूल केलंय. तासगाव तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे.

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पत्र वाचणाऱ्या सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत असेलच असं नाही. हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. मी आणि माझे मिस्टर, दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. मायनर माणसाला कसला त्रास नसतो, तो शेतात राबतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. पण दोघं मायनर एकत्र आले की प्रत्येक वेळी बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. आमचं लेकरू काही महिन्यांचं असतानाच पांढरंफटक पडायला लागलं, दूध ओढेना, आणि तपासण्यांमधून हे निघालं. त्याच्या तांबड्या पेशी टिकत नाहीत. त्यामुळे साधारण दर तीन आठवड्यांनी त्याला दुसऱ्या कुणाचं तरी रक्त चढवावं लागतं. भावाबहिणीचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर, जुळून ट्रान्सप्लांट झालं तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे जन्मभराचं.

वहिनी, तुम्ही एकदा विचारलं होतं, तारीख जवळ आल्याचं कळतं कसं. पोर जिना चढताना मध्येच बसतं. पाय दुखतात म्हणून रात्री दाबून घेतं. ओठांचा रंग उतरतो, चिडचिड वाढते. मग आदल्या दिवशी क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळतं का ते बघायला, नमुना द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला वॉर्डात पलंग धरायचा. पिशवीला पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावतात, आणि तीन-चार तास थेंब थेंब रक्त उतरत राहतं. संध्याकाळी घरी येताना हाच मुलगा बसस्टँडवर भडंग मागतो आणि घरी पोचताच बॅट शोधतो. एवढा फरक त्या एका पिशवीनं पडतो. तिच्यावर रक्तगट असतो, नंबर असतो, तारखा असतात. माणसाचं नाव नसतं.

हे सगळं इतर महिन्यांत जमून जातं. मे महिन्यात मात्र नाकी नऊ येतात. कॉलेजं बंद, म्हणून कॉलेजातली शिबिरं बंद. लग्नसराई, उन्हाचा तडाखा, लोक गावाला गेलेले. शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवसांना शिबिरांची रांग लागते, पण तांबड्या पेशींची पिशवी टिकते ती फार तर 42 दिवस. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, तर पाचच दिवस. म्हणजे एका दिवशी शेकड्यांनी जमलेलं रक्त दोन महिन्यांनंतर कुणाच्याच उपयोगाचं नाही. आणि माझ्या मुलाचा गट ए निगेटिव्ह. आपल्याकडे शंभर माणसांत निगेटिव्हवाले असतात पाच-सहा, त्यातले ए गटाचे किती उरतात ते वेगळं सांगायला नको.

त्या मे महिन्यात आम्हाला एका ठिकाणी सरळ सांगितलं, ए निगेटिव्ह शिल्लक नाही, तुमचा माणूस आणा. आमचा माणूस आणायचा कुठून? पुढे ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर जवळच्या नातेवाइकांचं रक्त शक्यतो नको, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. यांचे मित्र, ऑफिसातले लोक, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप, सगळीकडे निरोप गेले. फोन येत होते ते बी पॉझिटिव्हवाल्यांचे. मुलाचं हिमोग्लोबिन खाली खाली चाललेलं. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनी एका चिठ्ठीवर तुमचा नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, ह्या दादांकडे वही आहे, विचारा.

दादा, तुम्ही मला एकच विचारलं होतं, किती वाजेपर्यंत चालेल. कोण, कुठले, ओळख कुणाची, काही नाही. रात्री नऊच्या सुमाराला साखर कारखान्यातले एक फिटर मोटारसायकलवरून ब्लड बँकेत आले. त्यांचा फॉर्म भरला, वजन झालं, बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन झालं आणि वीसेक मिनिटांत ते हात दुमडून बाहेर आले. यांनी पेट्रोलचे पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. "दादांना कळलं तर वहीतून नाव काढतील," एवढंच म्हणाले. रक्ताच्या सगळ्या तपासण्या होऊन पिशवी हातात आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या रात्री मात्र मला झोप लागली.

पुढे तुमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं तेव्हा ती वही मी पाहिली. लाल पुठ्ठ्याची, शाळेची दुरेघी वही. पहिल्या पानांवरचं अक्षर तुमच्या लेकीचं. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये तिच्यावर ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे, उपचार चालू होते. केमोनंतर प्लेटलेट्स कोसळायच्या आणि अनोळखी माणसं येऊन प्लेटलेट्स देऊन जायची. ती तुम्हाला विचारायची, आज कोण आलं होतं, आणि लिहून ठेवायची. सगळ्यांची नावं तुम्हाला तरी कुठं माहीत होती! म्हणून तिनं लिहिलंय, "चष्मेवाला दादा". "टॅक्सीवाले काका". "कॉलेजचे दोघं, एक उंच". एका पानावर नुसतं "हिरवी साडी", आणि पुढे फूल काढलेलं.

ती दहाव्या वर्षी गेली. त्याबद्दल वहिनी माझ्याशी एकदाच बोलल्या, आणि ते माझ्यापाशीच राहील.

त्यानंतर तुम्ही तिच्या वाढदिवसाला, थंडीत, रक्तदान शिबिर भरवायला लागलात. पहिल्या वर्षी अख्खं गाव लोटलं, आजूबाजूच्या वाड्यांवरनं माणसं आली. मग ब्लड बँकेच्या डॉक्टरांना तुम्ही जाऊन विचारलंत, हे रक्त तुम्हाला पुरतं का, वाया किती जातं, आणि तुम्हाला नड कधी असते. माझ्या लेखी हा प्रश्न विचारणं हीच तुमची सगळ्यात मोठी देणगी. आपल्या माणसाच्या आठवणीत काही करायचं तर आपण आपली तारीख धरतो. त्यात गैर काहीच नाही, दुःख आपलं असतं. पण तुम्ही लेकीचा वाढदिवस घरापुरता ठेवलात आणि शिबिर मे महिन्यात नेलंत. पिशव्यांचा आकडा ब्लड बँकेला विचारून ठरवायला लागलात. त्यापुढे जेवढे लोक येतील त्यांना परत न पाठवता वहीत घेतलंत, गट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने झाल्याशिवाय पुन्हा देता येत नाही, म्हणून त्यापुढे तारीख. हे ध्यानात ठेवून वर्षभर फोन करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मे महिना तुमच्या भागाला जमतोही. बेदाण्याचा हंगाम आटोपलेला असतो, साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडलेला असतो, ट्रॅक्टरवाले, फिटर, शेडवरची पोरं मोकळी असतात. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला शाळेच्या खोलीत खाटा लागतात. मंडपवाले पैसे घेत नाहीत. बचत गटाच्या बायका उपीट करतात. तुमच्याकडे भेटवस्तू नाही, लकी ड्रॉ नाही, भाषण नाही. भिंतीवर तिचा एक लहानसा फोटो, तोही दाराआड, आत गेल्यावरच दिसणारा.

वहिनी, तुम्ही बसता ती जागा मला फार आवडते. रक्त देऊन आलेल्यांना दहा मिनिटं उठू न देणाऱ्या तुम्ही! लिंबू सरबताचा ग्लास हातात दिल्याशिवाय तिथून कुणी हललेलं मी पाहिलं नाही. त्याच टेबलावर हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलं म्हणून माघारी आलेल्या बायका येतात. कितीजणी! घरचं सगळं आवरून, चांगली साडी नेसून आलेल्या, आणि नऊ भरलं, दहा भरलं म्हणून हिरमुसलेल्या. त्यांना तुम्ही तसंच घरी पाठवलं नाहीत. आरोग्य केंद्रातल्या ताईंना शिबिरालाच बसवलंत, लोहाच्या गोळ्या चालू करवल्यात, मधूनमधून विचारत राहिलात. गेल्या वर्षी त्यातल्या एक मावशी परत आल्या, बोट पुढे केलं, तेरा भरलं. त्या खाटेवर झोपायला गेल्या तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवशी रक्त कुणाला मिळालं ते माहीत नाही. पण त्या मावशींनाही काहीतरी मिळालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इतरांनी हे वाचावं असं वाटण्याचं कारण एवढंच. पुष्कळ घरांतून लेकरं गेलेली असतात आणि त्यांच्या नावानं काहीतरी करावं असं आईबापांना वाटत असतं. कुणी वह्या वाटतं, कुणी अन्नदान करतं, कुणी शाळेला पंखे देतं. सगळंच चांगलं. ज्यांना रक्ताचं करायचं असेल त्यांनी आधी जवळच्या ब्लड बँकेत जाऊन तुमच्यासारखं नडीचे दिवस विचारावेत. शिबिराच्या धामधुमीपेक्षा वर्षभराची वही आमच्यासारख्यांना जास्त वेळा तारते.

आता एक मागणं. यंदाच्या शिबिरात एक टेबल आम्हाला हवंय. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना थॅलेसेमिया मायनरची तपासणी समजावून सांगायला. साधी रक्ताची तपासणी असते, एचबीए-टू म्हणतात, आयुष्यात एकदा केली की झालं. 8 मे हा थॅलेसेमियाचा जागतिक दिवस, त्याच्या आसपासच आपलं शिबिर असतं, त्यामुळे तालुक्याचे डॉक्टर यायला तयार आहेत, मी बोलून ठेवलंय. मुलगाही येतो म्हणतोय, पत्रकं वाटायला.

आणि वहीतल्या निगेटिव्हवाल्यांना फोन करायचं काम यापुढे आमच्याकडे द्या. दादा, तुम्हाला आता रात्रीचं जागरण झेपत नाही, वहिनींनी मला सांगितलंय. हे रोज दहानंतर जागेच असतात, मीही असते. नंबर उतरवून घ्यायला येत्या रविवारी येतो. जेवायला थांबणार नाही, संध्याकाळी पोराला डॉक्टरांकडे न्यायचंय.

आपली,
एका थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई
मिरज