‘देव मानत नाहीस, मग त्यांना काय सांगणार तू?’

ति. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुमचा आवाज ऐकला की एक तर माझे डोळे भरून येतात, नाहीतर मी वाद घालायला लागते. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा, पण मधले मधले परिच्छेद गाळू नका. मला माहीत आहे तुमची सवय.

ठरलेलं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना जिवाला घोर नको. भूलतज्ज्ञाचं काम मी सोडते आहे. राजीनामा दिला, तो मंजूरही झाला. पुढच्या महिन्यापासून मी पूर्ण वेळ पॅलिएटिव्ह केअरमध्ये असेन. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांच्या वेदना, धाप, भीती, सगळ्याकडे पाहायचं काम. पगार कमी होईल, पण ओढाताण होणार नाही. घराचा हप्ता आम्ही दोघांनी मिळून बसवला आहे, तीनतीनदा हिशोब केला आहे. रात्रीअपरात्रीची धावपळ कमी होईल. तासन्‌तास उभं राहून माझी पाठ धरते ना, तेही कमी होईल. हवं तर दादाला विचारा, त्याला सगळं आधी सांगितलं आहे. (तुमच्या आधी त्याला सांगितलं म्हणून रुसू नका. तुम्हाला सांगायचं कसं, हेच त्याला विचारत होते.)

पण तुम्हाला बोच नोकरीची नाही, हे मला कळतं. आई, तू म्हणालीस, "देव मानत नाहीस, मग त्या माणसांना शेवटी काय सांगणार तू?" आणि बाबा, तुम्ही त्याच्याही पुढे गेलात. कोणी वर बघणारा नाही असं धरलं, तर या सगळ्या धडपडीला अर्थ काय, असं विचारलंत. हे रागानं विचारलेलं नव्हतं. माझी लेक आतून रिकामी तर झाली नाही ना, ही काळजी होती त्यात. म्हणून इतकं लांबण लावते आहे.

मी रिकामी नाही. अगदी खरं सांगते.

भूल देताना मास्क लावण्याआधी खूप जण माझा हात धरतात. "मी उठेन ना?" विचारतात. मी म्हणते, "मी इथेच आहे, कुठे जाणार नाही." पुढचे काही तास त्या माणसाचा श्वास माझ्या राखणीत असतो. त्याला काही कळत नसतं, त्याच्या घरचे बाहेर असतात, मी किती लक्ष देते आहे हे तपासणारं कोणी नसतं. त्या तासांना अर्थ आहे का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्यावर कोणीतरी भरवसा टाकला आहे आणि तो मला पाळायचा आहे, एवढं मला पुरतं. बाबा, कोणी बघत नसलं तरी काम चोख करायचं, हे मी तुमच्याकडून शिकले. तुम्ही ते देवाच्या नावानं केलंत, मी तुमच्या नावानं करते.

आता आईचा प्रश्न. ज्या कामाला मी निघाले आहे, त्याची आधुनिक घडी बसवली सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रोग्यांच्या सेवेचं घर, सुरू केलं. दुखणं उसळायची वाट न पाहता मॉर्फिन घड्याळाच्या काट्यावर, वेळेवर द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची असते, घरच्यांच्या काळजीची असते, ‘माझ्याच वाट्याला हे का’ या प्रश्नाचीही असते, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. आई, त्या अगदी तुझ्यासारख्या श्रद्धाळू होत्या. त्यांच्या श्रद्धेनंच त्यांना या कामात आणलं. तरी हॉस्पिसचं दार त्यांनी सगळ्या धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांना उघडं ठेवलं. त्या दारातून मीही आत येऊ शकते.

मी त्या माणसांना काय सांगणार? फारसं काही नाही. बहुतेक वेळ ऐकणार. हार्वी चोचिनोव्ह या कॅनडातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी एक पद्धत काढली आहे. रोग्याजवळ बसून काही साधे प्रश्न विचारायचे. आयुष्यातलं तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? आपण खरंखुरं जगतो आहोत असं कधी वाटलं होतं? घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं? उत्तरं लिहून काढायची, नीट करायची आणि त्यालाच परत द्यायची, हव्या त्या माणसाला ठेवून जाण्यासाठी. 2005 मध्ये त्यांनी 100 रोग्यांचा अनुभव छापला. त्यातल्या 67 टक्के लोकांनी सांगितलं की, आयुष्याला अर्थ आहे ही जाणीव यानं वाढली. त्या प्रश्नांत देवाचं नाव नाही. ज्याला हवं तो उत्तरात आणतो, आणि आणलं तर मी ते मनापासून लिहून घेईन. कोणी प्रार्थना करू लागलं तर मी त्याचा हात धरून बसेन. मरणाच्या दारात उभ्या माणसाशी तुझी लेक वाद घालेल, असं तुला वाटलं तरी कसं?

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. श्रद्धेनं शेवट नेहमी सोपा होतो, असं मला दिसलेलं नाही. 2009 मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या 345 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देवाचा आधार जे जास्त घेत होते, त्यांच्यावर शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार होण्याचं प्रमाण जास्त होतं. चमत्काराची वाट पाहणारी माणसं मी त्या नळ्यांखाली पाहिली आहेत. आई, हे तुला उद्देशून नाही गं. तुझी श्रद्धा तशी नाही. माईच्या वेळी ‘आता तिला त्रास नको’ हे सगळ्यांत आधी तूच म्हणालीस. ते बळ तुला तुझ्या देवानं दिलं, असं तू म्हणतेस. मी ते कधीच खोडून काढणार नाही.

आणि तुमच्याकडे आहे ते सगळं माझ्याकडे आहे, असंही मी म्हणत नाही. दोन ठिकाणी मला उणं पडतं. दादा त्या वर्षी वाचला तेव्हा तुम्ही दोघांनी हात जोडलेत. मला कोणाचे आभार मानायचे ते सुचेना, डॉक्टरांचे मानून झाले तरी उरलेच होते. दुसरं म्हणजे, सगळे उपाय थकले की तुम्ही ‘त्याच्या’वर सोपवून झोपू शकता. मला सोपवायला कोणी नाही, मी जागी राहते. हे खरं आहे. पण म्हणून जे पटत नाही ते पटल्यासारखं वागणं मला जमणार नाही. तुमच्यासमोर तर अजिबातच नाही.

बाबा, तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण एवढं विचारते. वेद मानणाऱ्या जुन्या मीमांसक पंडितानं, कुमारिल भट्टांनी, जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पना खोडून काढली आणि तरीही कर्तव्याचा आग्रह तसूभर सोडला नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? मग तुमच्याच शेल्फावरचा विचार मी पुढे नेला, तर मी परकी कशी होईन? आणि आई, शाळेत असताना आगरकरांचं त्यांच्या आईला लिहिलेलं पत्र तू मला वाचायला लावलं होतंस. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी करील, असे मनोरथ बांधू नकोस. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी सगळा वेळ लोकांच्या हितासाठी देणार आहे, असं त्यांनी कळवलं. देव आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असं मानणारा तो माणूस. 1895 मध्ये चाळिशीही न गाठता गेला. त्यांचं आयुष्य निरर्थक होतं, असं तू म्हणशील का? ते पत्र वाचताना तुझा आवाज कापत होता, मला आठवतं.

सगळ्यात जास्त लागलं ते तुझं शेवटचं वाक्य. "म्हणजे तुझ्या मते आपण पुन्हा भेटणार नाही." आई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. डार्विनच्या बायकोलाही हीच भीती होती. एमा श्रद्धाळू, तो संशयात. 1839 मध्ये लग्नानंतर लवकरच तिनं त्याला पत्र लिहिलं की आपण कायमचे एकमेकांचे नाही, असं वाटलं तर मला फार दुःख होईल. तिचं समाधान होईल असं त्याला काही म्हणता आलं नाही, पण ते पत्र त्यानं जन्मभर जपलं. त्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं की, मी कितीदा याचं चुंबन घेऊन रडलो आहे, हे माझ्या मागे तुला कळू दे. त्यांचा संसार त्याच्या मृत्यूपर्यंत, 1882 पर्यंत टिकला. तुझ्या प्रश्नाला मी यापेक्षा जास्त काही देऊ शकत नाही, म्हणून आहे तो वेळ तुझ्याजवळ जास्त काढायचं ठरवलं आहे. नव्या कामात सुट्ट्या जोडून मिळतात. मी येत जाईन, राहायला येत जाईन.

तापात तू माझ्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचीस. मला एक अक्षर कळत नसे, झोप मात्र लागायची. अजूनही माझ्यासाठी पुटपुटत जा. ‘हिला चालत नाही’ म्हणून बंद करू नकोस. मला चालतं. मला हवं आहे.

आता थोडं ऐका. बाबा, प्रेशरची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळेच. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा माणूस दादा पाठवेल, त्याला ‘कशाला’ म्हणून परत लावू नका. श्रवणयंत्र डबीत ठेवायला घेतलेलं नाही. आई, पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला बसतेस तर दिवा लावून उठ, आणि जमिनीवर नाही, खुर्चीवर बस. गुडघ्यांनी आता तुझं खूप ऐकून घेतलं आहे.

आणखी एक. वर लिहिलेले प्रश्न मी आल्यावर तुम्हा दोघांना विचारणार आहे. याचा भलता अर्थ लावू नका. तुमच्या तब्येतीत मला काहीही काळजीचं दिसलेलं नाही. बाबांच्या सुरुवातीच्या नोकरीची आणि तुमच्या लग्नाआधीच्या त्या पत्रांची हकिकत मला नीट, सलग ऐकायची आहे, इतकंच. उत्तरांत देव आला तर येऊ दे, मी जसाच्या तसा लिहीन.

मोतीबिंदूच्या तपासणीची तारीख पुन्हा पुढे ढकलू नका. त्या दिवशी मी बरोबर असेन, रजा टाकली आहे. आधीचे रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये काढून ठेवा.

तुमची,
धाकटी