सुट्टीची वही बंद करा, रोज पाच गणिते द्या

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, कोल्हापूर

स. न. वि. वि.

एप्रिल संपत आला की शाळाशाळांतून ‘सुट्टीचा अभ्यास’ सुटतो. पाढे दहा वेळा लिहा, शंभर बेरजा, शंभर वजाबाक्या. ही वही महिनाभर कपाटावर पडून राहते आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दोन दिवसांत ताई-दादाच्या अक्षरात भरली जाते. यंदा ती वही बंद करावी आणि तिच्या जागी तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज पाचच गणिते द्यावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

सुट्टीत वाचन थोडेफार होतच राहते. दुकानाची पाटी असते, लग्नपत्रिका असते, मोबाईल असतो. हातच्याची वजाबाकी मात्र शाळेबाहेर कोणी करायला लावत नाही. अमेरिकेत १९९६ साली हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुट्टीत सरासरी महिनाभराचे शिकलेले मागे पडते आणि आकडेमोडीला फटका जास्त बसतो, असे दिसले. तिथली सुट्टी आपल्यापेक्षा मोठी असते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण आधी काय सुटते, ते इथल्या वर्गातही वेगळे नाही.

म्हणून सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलाकडून दहा गणितांची एक चिठ्ठी सोडवून घ्यावी. गुण देऊ नयेत, उत्तर कसे चुकले ते पाहावे. ४०२ वजा १७८ हे एकच गणित घ्या. उत्तर २२४. एखादे मूल ३७६ लिहिते. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे, हातचा त्याला कळलेलाच नाही. दुसरे मूल २३४ लिहिते. त्याला हातचा येतो, पण मधल्या शून्याचे दहा केल्यावर त्यातला एक एककाला दिला, तेव्हा नऊ उरले, हे ते विसरले. दोघांनाही ‘चूक’ अशी एकच फुली मिळते आणि दोघांनाही त्याच शंभर वजाबाक्या मिळतात. पहिल्याने शंभर केल्या तरी शंभरही चुकीच्याच होणार, उलट चूक पक्की होणार. त्याला आईस्क्रीमच्या काड्या आणि रबर द्या. दहाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या करणे हाताने झाले पाहिजे. दुसऱ्याला शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खेळण्यातल्या नोटांवर चार-पाच गणिते पुरतात. भागाकारात ६१२ भागिले ६ चे उत्तर १२ आले तर तिथेही शून्यच गिळले गेले आहे. उत्तर शंभराच्या पुढे असणार, हा अंदाज आधी तोंडी बोलायला लावला की ही चूक मुलालाच दिसते.

सुट्टीतल्या पाच गणितांत तीन जुनी आणि वेगवेगळ्या प्रकारची असावीत, एक त्या मुलाच्या चुकीवरचे आणि एक तोंडी. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे १५० गणिते. चार पानांत मावतात. आई-वडिलांना तपासता येत नसेल तर पडताळा मुलानेच घ्यावा: २२४ मध्ये १७८ मिळवले की ४०२ आले पाहिजेत.

पाढे लिहून घेणे तर पूर्ण थांबवावे. साताचा पाढा एका सुरात म्हणणारे मूल ‘सात अठ्ठे किती’ म्हटले की पुन्हा सात एके सातपासून सुरू करते. दोन ते नऊच्या पाढ्यांत उलटसुलट जोड्या एकदाच धरल्या तर लक्षात ठेवायचे गुणाकार फक्त ३६ उरतात. लग्नसराईच्या पत्रिका कापून कोऱ्या बाजूवर ३६ कार्डे करावीत, पिसून विचारावीत, पटकन आलेली बाजूला काढावीत. शेवटी हातात उरतात ती ६×७, ७×८, ८×९ अशी. मेहनत तेवढ्यांवरच.

पाचवीसाठी गावच्या दूध संस्थेची पावती पुरे. सकाळी ३.५ लिटर, संध्याकाळी २.८ लिटर, तर दिवसाचे दूध किती? बरीच मुले ५.१३ म्हणतील, कारण ती दशांश चिन्हाच्या दोन्ही बाजू वेगळ्या मिळवतात. दोन भांड्यांत पाणी मापून दाखवले की पाच लिटरचा कॅन भरूनही लिटरभराहून जास्त पाणी उरते. मग ६.३ पटते, आणि दहा दिवसांचे ६३ लिटर मूल स्वतःच सांगते. आठवडी बाजारातला पाव किलोचा हिशेब आणि एसटीचे अर्धे तिकीट हेही आहेच, पण त्याचा ‘उपक्रम’ करू नये.

आणखी एक विनंती: फोटो मागवू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो टाका म्हटले की गणित फोटोसाठी होते आणि शिक्षकांची सुट्टी फोटो मोजण्यात जाते.

या सगळ्याला वेगळा निधी लागत नाही. एप्रिलच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत अर्धा तास द्यावा. केंद्रप्रमुखांनी ३७६ आणि २३४ यांतला फरक फळ्यावर दाखवावा आणि चिठ्ठीचा एक नमुना सर्व शाळांना द्यावा. जूनमध्ये पहिल्या धड्याला हात लावण्याआधी तीच चिठ्ठी, आकडे बदलून, पुन्हा घ्यावी. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडे ती शाळा उघडल्यावर पहिल्या चार दिवसांतच उरकावी. एकदा पावसाने जोर धरला की वाड्यावस्त्यांवरची मुले शाळेत कमीच पोहोचतात, आणि नेमकी त्यांचीच चिठ्ठी राहून जाते.

आपले,
प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे काही जण, कोल्हापूर