होडीच्या टोकावर बसणाऱ्या मुला, तुझे आभार

प्रिय मुला,

तुझं नाव मी विचारलं होतं, पण इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायला संकोच वाटला. माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरेच करते.

धबधबा बघायला व्हेनेझुएलातल्या कनाइमाहून निघालो तेव्हा तू कुरियाराच्या, म्हणजे तुमच्या त्या लांबट लाकडी होडीच्या, पुढच्या टोकावर वल्हं घेऊन बसला होतास. पाण्यातले खडक हेरायचे आणि मागच्या इंजिनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे तुझं काम. काराओ नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं. कुजणाऱ्या पाल्यातलं टॅनिन उतरून ते तसं होतं म्हणे. मायुपाच्या खळाळाआधी आम्हाला उतरवून माळावरून चालत पुढे पाठवलं, तेव्हाच माझा उजवा गुडघा तुझ्या नजरेत आला असणार.

ज्या कंपनीकडे मी पैसे भरले, त्यांना त्या गुडघ्याबद्दल आधीच सांगितलं होतं. ‘काकू, काळजी करू नका, आमचा माणूस शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहील,’ हे फोनवर तीनदा ऐकलं. रात्री मुक्कामावर त्यांच्या माणसाने जिमी एंजलची, ज्याच्या नावाने जग हा धबधबा ओळखतं त्या अमेरिकी वैमानिकाची, गोष्ट रंगवून सांगितली. १९३७ साली त्याचं विमान आऊयान-तेपुईच्या, म्हणजे धबधबा जिथून कोसळतो त्या डोंगराच्या, सपाट माथ्यावर चिखलात रुतलं आणि बायको मारी आणि दोन साथीदारांसोबत तो ११ दिवस पायपीट करून खाली आला. झोळीत पडल्यापडल्या मी त्या मारीचाच विचार करत होते. आणि सकाळी तोच माणूस म्हणाला, ‘तुम्ही इथेच बसा. तुमच्यासाठी सगळ्यांना थांबवता येणार नाही.’ एवढं बोलून तो चालायलाही लागला. इतक्या लांब येऊन, धबधबा तासा-दीड तासाच्या चालीवर असताना! तो अपमान अजून गेलेला नाही.

तुझं काम होडी किनाऱ्याला लावली की संपत होतं. तरी तू उठलास, माझी पिशवी खांद्याला अडकवलीस आणि मानेने ‘चल’ म्हणालास.

चढ मी कशीबशी चढले. जिथून धबधबा दिसतो त्या लाइमेच्या कड्यावर पोचलो तेव्हा समोर नुसतं पांढरं धुकं. तू एका खडकाकडे बोट दाखवलंस, बसलो. मग ढग वर सरकले आणि ९७९ मीटरचा तो धबधबा माथ्यापासून दिसायला लागला. पाणी पडता पडता मध्येच धूर होऊन वाऱ्यावर जात होतं. तू हळूच म्हणालास, ‘केरेपाकुपाई मेरू.’ तुम्हा पेमोन लोकांचं हे नाव तुझ्या तोंडून ऐकल्यावर मला दुसरं नाव घ्यावंसंच वाटत नाही.

पण खरे आभार उताराचे आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना माहीत असतं, चढापेक्षा उतार जीव काढतो. सगळ्या वाटेवर ओली मुळं, साबणासारखी निसरडी. तू एक पाऊल पुढे राहायचास आणि प्रत्येक मुळाच्या खालच्या अंगाला आपला रबरी बूट आडवा रोवायचास. माझी टाच घसरली की तुझ्या बुटावर येऊन टेकायची. मग पुढचं मूळ, पुन्हा बूट. हात धरला असतास तर मला ओझं झाल्यासारखं वाटलं असतं. तू मागे वळून बघतही नव्हतास. एकदा माझा सगळा भार तुझ्या पायावर आला, तुला नक्कीच लागलं असणार. तू फक्त थांबलास, मी सावरले, आणि परत चालायला लागलास.

पैसे घेऊन शब्द फिरवणारी माणसं मी बरीच पाहिली. पण आपलं काम नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, समोरच्याचा मान राखून आधार देणारी माणसं फार थोडी भेटली. तुला हे कुणी शिकवलं, तुझ्या आईने की त्या नदीने, मला ठाऊक नाही. ज्याने शिकवलं त्यालाही माझा नमस्कार सांग.

तुला मराठी येत नाही, मला तुझी भाषा येत नाही. म्हणून पावसाळ्यात, नदी भरलेली असताना, तिकडे जाणाऱ्या कुणी हे वाचलं तर कुरियाराच्या टोकावरच्या मुलाला एवढाच निरोप द्या: त्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती आता जिना उतरते, कठडा न धरता.

तुझी,
निळ्या रेनकोटातली काकू