जर्सीवरचा आकडा शोभेचा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन फुटबॉलमधल्या जर्सीच्या आकड्यांवरचा लेख काल दोनदा वाचला. ‘एनएफएलमध्ये आता कुणीही कोणताही आकडा घालावा, नियम उरलाच नाही’ असं त्यात या खेळाच्या व्यावसायिक लीगबद्दल, म्हणजे एनएफएलबद्दल, छापलं आहे. हे साफ चूक आहे.

२०२१ साली नियम सैल झाले हे खरं. चेंडू घेऊन पळणारे रनिंग बॅक, पास झेलणारे रिसीव्हर, त्यांना अडवणारे कॉर्नरबॅक यांना १ ते ४९ मोकळे झाले, २०२३ पासून शून्यही आला. पण क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून चाल चालवणाऱ्याला, आजही १९ च्या पुढचा आकडा मिळत नाही. आणि क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंतीसारखे उभे राहणारे ते पाच लाइनमन? त्यांना १९७३ साली ५० ते ७९ दिले, आजही तेच आहेत. त्यामागे कारण आहे. आक्रमणात उभ्या असलेल्या खेळाडूच्या पाठीवर ५० ते ७९ किंवा ९० ते ९९ यातला आकडा असेल, तर त्याने पुढे फेकलेला पास झेलायचा नाही. झेलायचाच असेल तर चाल सुरू होण्याआधी रेफ्रीकडे जाऊन तसं सांगायचं, मग रेफ्री ते सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझा मुलगा इथे मिशिगनमध्ये शाळेच्या संघात लाइनमन होता. आकडा ६६. तीन वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करून दिली, चेंडूला हात म्हणून लागला नाही. साताऱ्याहून त्याचे आजोबा फोनवर दर वेळी विचारायचे, ‘अरे, तुझ्याकडे बॉल कधी येणार?’ शेवटच्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा टाइट एंड जखमी झाला आणि प्रशिक्षकांनी याला त्या जागी उभं केलं. पास आला, याने तो छातीशी धरला आणि एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या पट्ट्यात, जाऊन पडला. आम्ही बाकांवरून उठून ओरडतोय, तोवर मैदानावर रेफ्रीचा पिवळा रुमाल पडलेला, म्हणजे नियमभंग. ६६ ला पास झेलता येत नाही. शाळेच्या नियमांत रेफ्रीला सांगण्याची सोयही नाही, ऐंशीच्या घरातली जर्सी चढवूनच उतरावं लागतं. ती बाकाखालच्या पिशवीत पडलेली होती. मुलाला ती द्यायची आठवण त्या मोठ्या माणसांपैकी एकालाही झाली नाही. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘बाबा, मी पकडला होता ना?’

त्या प्रशिक्षकांना मी आजही माफ केलेलं नाही.

३० डिसेंबर २०२३ ला हाच मुलगा माझ्या शेजारी सोफ्यावर होता. डेट्रॉइट लायन्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, २३ सेकंद उरलेले, आम्ही २०-१९ ने मागे. दोन गुणांसाठीची चाल. चेंडू टेलर डेकरच्या हातात. आकडा ६८, लाइनमन! मुलगा उभा राहिला. आणि पुन्हा पिवळा रुमाल. डेकर रेफ्रीपाशी गेला होता, आणखी दोन लाइनमनही त्या बाजूला गेले होते. रेफ्रीने पास झेलणारा म्हणून नोंदवला मात्र डॅन स्किपर, ७०. डेकर शेवटपर्यंत सांगत राहिला की मी कळवलं होतं. गुण गेले, पुढचे प्रयत्न फसले, सामना गेला. माझा मुलगा न जेवता झोपायला गेला. तिशी ओलांडलेला माणूस. आता मला सांगा, नियम उरलाच नाही, हे मी त्याला कसं वाचून दाखवू?

नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने २०२१ च्या बदलावर टीका केली, तिला आपल्या लेखकांनी ‘म्हाताऱ्याची कुरकुर’ म्हटलं आहे. समोरच्या बचावातला लाइनबॅकर कोणता आणि त्याच्याही मागे राहणारा सेफ्टी कोणता, हे क्वार्टरबॅकला काही सेकंदांत ओळखून आपल्या लोकांना ओरडून सांगावं लागतं. पूर्वी आकडा पाहिला की जागा कळायची. कोणाला अडवायचं हेच चुकलं तर मार क्वार्टरबॅक खातो. वीस वर्षं तो मार खाल्लेल्या माणसाला बोलायचा हक्क आहे.

शून्याचंही तसंच. ‘२०२३ पूर्वी शून्य कुणी पाहिलाच नव्हता’ असं लेखात आहे. ओकलंड रेडर्सचा सेंटर, म्हणजे मधला लाइनमन, जिम ओटो साठच्या दशकापासून पाठीवर ‘००’ घालून खेळला. १९७३ चा नियम आला तेव्हा जुन्या खेळाडूंना आपला आकडा ठेवण्याची सवलत मिळाली, म्हणून ह्यूस्टनच्या संघाचा केन बरो १९८१ पर्यंत ‘००’ घालू शकला. ओटो २०२४ च्या मे महिन्यात गेला. निदान त्याचं नाव तरी यायला हवं होतं.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो रग्बीचा आहे. डोक्यावर हेल्मेट नाही, खांद्यावर पॅड नाहीत. क्रिकेटच्या बातमीला बेसबॉलचा फोटो आपण कधी लावाल का? आम्ही कामाच्या निमित्ताने इकडे आलो, मुलं इथल्या मैदानांवर वाढली, तरी सकाळी पहिल्यांदा उघडतो तो आपलाच अंक. त्यात मुलाच्या खेळाबद्दल चार ओळी येणार म्हणून त्याला मुद्दाम बोलावून बसवलं होतं.

शुद्धिपत्र छापावं ही विनंती. फोटो राहिला तरी चालेल, पण ५० ते ७९ हे आकडे त्यात यायलाच हवेत.

आपला,
एक जुना वाचक, नोव्हाय, मिशिगन