बाबांच्या कानाची बॅटरी बदलणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

मे 2020. मुंबईतलं पालिकेचं रुग्णालय, पुरुषांचा कोविड वॉर्ड, दारापासून दुसरी खाट. उंच, सावळे, काहीही विचारलं तरी मान हलवून "हो" म्हणणारे एक आजोबा. आठवतात का? मी त्यांची मोठी मुलगी. तुमच्याशी फोनवर बोलले आहे, पण तुम्हाला पाहिलेलं नाही. खरं तर बाबांनीही पाहिलेलं नाही. त्यांना तुमचे डोळे तेवढे माहीत आहेत, तेही गॉगलवर वाफ धरलेली नसायची तेव्हाचे.

तुमचं नाव मला ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही. अपुऱ्या सामानाबद्दल तोंड उघडलेल्या लोकांचं पुढे काय होतं ते तुम्हीच एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतंत. हे वाचून तुम्ही स्वतःला ओळखाल याची मला खात्री आहे.

बाबा बहिरे का झाले हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. ते गिरणीत विणकर होते. साचेखात्यात एकाच वेळी शेकडो साचे, म्हणजे माग, धडधडत असायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. तिथे माणसं हातवारे करून आणि ओठ बघून बोलायची. 1982च्या जानेवारीत संप झाला आणि अडीच लाख लोकांबरोबर बाबाही बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. पण तोवर कान गेलेले होते. कानात घालायला मालकाने कधी साधा बोळाही दिला नाही. सुताच्या गुंतवळ्याचे बोळे ही माणसं आपल्या हातानेच करून घालायची. यंत्र बसवलं ते खूप नंतर, मी कमवायला लागल्यावर. त्याच्या जोडीला ओठ वाचायची जुनी सवय होतीच, त्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

मग मार्च उजाडला आणि सगळ्या जगाने तोंड झाकलं.

तुमच्याकडे येण्याआधी बाबा एका खासगी ठिकाणी होते. तिथे डिपॉझिट लगोलग घेतलं, ते घेताना कोणाला कसलीही भीती वाटली नाही. त्यानंतर मात्र बाबांशी सगळं बोलणं दारात उभं राहून, ओरडून. ऐकू न येणाऱ्या माणसाने काय करावं? मान हलवावी. बाबांनी हलवली. पुढे पाठवताना त्यांच्या कागदावर शेरा मारला होता की रुग्ण असंबद्ध बोलतो, सहकार्य करत नाही. आणि कानातलं यंत्र, घड्याळ, खिशातली डायरी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर पिन मारलेली. माणसाचा कान पिशवीत बंद करायचा आणि वर त्यालाच वेडा ठरवायचं! तो कागद मी जपून ठेवला आहे. राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

तुमच्या वॉर्डातही पहिले काही दिवस तसेच गेले असतील. साठ-सत्तर माणसांमागे तुम्ही किती जणी होतात ते मी ऐकलं आहे, त्यामुळे कोणाला बोल लावत नाही. राउंडला डॉक्टर विचारायचे, "दम लागत नाही ना?" बाबा म्हणायचे, "हो." पुढची खाट.

तुम्ही मात्र थांबलात. तुम्ही विचारलंत, "आजोबा, नाव काय तुमचं?" बाबा म्हणाले, "हो."

हा प्रसंग तुम्ही मला फोनवर हसत हसत सांगितलात. मी इकडे रडत होते आणि तुमच्यामुळे हसले. तुम्ही ती पिनवाली पिशवी शोधून काढलीत, यंत्र कानाला लावलंत, पण बॅटरी मेलेली. तिथे कोणीही सोडून दिलं असतं. ऑक्सिजनचे सिलिंडर कुठून येणार, खाट कुठे रिकामी होणार, अशी तिथली अवस्था. त्यात एका म्हाताऱ्याच्या कानाच्या बॅटरीला कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी तुम्हीच फोन केलात आणि बॅटरीचा नंबर विचारलात. मी म्हटलं 675, निळ्या स्टिकरची. मी ती पाठवू शकत नव्हते. आमची चाळ बंद होती, दुकानं बंद होती, आणि केमिस्टकडे मधुमेहाच्या गोळ्या मिळाल्या तरी नशीब होतं.

ती बॅटरी तुम्ही तुमच्या बिल्डिंगमधून आणलीत. नालासोपाऱ्याहून. लोकल बंद होत्या, अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी त्या सुरू झाल्या 15 जूनला. तोवर तुम्ही बसने यायचात, पहाटे निघून. तुम्ही रुग्णालयात जाता म्हणून ज्या बिल्डिंगने तुम्हाला लिफ्ट वापरू नका असं बजावलं होतं, तिथल्याच दुसऱ्या मजल्यावर एक आजी यंत्र वापरतात हे तुमच्या लक्षात होतं. तुम्ही जिने चढून गेलात आणि दाराबाहेर उभं राहून बॅटऱ्या मागितल्यात. आजींनी आख्खं पाकीट दाराबाहेर ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे त्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरीही राहत होते आणि त्या आजीही. त्या आजींनाही माझा नमस्कार सांगा. सेक्रेटरींना सांगायची गरज नाही.

ती बॅटरी कशी बदलतात हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेंगदाण्याएवढी गोष्ट. मागचं स्टिकर नखाने सोलायचं, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग खाचेत बसवायची. तुमच्या हातात एकावर एक दोन हातमोजे. नख कुठून आणणार? बाबा सांगतात, तुम्ही ड्रेसिंगच्या ट्रेमधला चिमटा घेतलात आणि खाटेच्या कडेला टेकून ते स्टिकर सोलत बसलात. बॅटरी एकदा खाली पडली. तुम्ही वाकून खाटेखालून काढलीत, पुसलीत, पुन्हा बसवलीत. सहा-सात तास पाणी न पिता, त्या अंगभर प्लास्टिकमध्ये मे महिन्याच्या उकाड्यात उभी असलेली बाई माझ्या बापाच्या खाटेखाली वाकली होती. औषधं तुम्ही सगळ्यांना दिलीत, इंजेक्शनं सगळ्यांना दिलीत. त्याबद्दल तर ऋणी आहेच. पण गेली पाच वर्षं माझ्या डोळ्यांपुढे येतं ते ते वाकणं, आणि तेही मी पाहिलेलं नाही.

यंत्र सुरू झाल्यावर बाबांनी पहिली गोष्ट काय सांगितली? की उताणं झोपलं की जीव कासावीस होतो. तोवर हे कोणाला कळलेलंच नव्हतं. तुम्ही डॉक्टरांना बोलावलंत, बाबांना पालथं झोपवायला सुरुवात झाली. ते कशामुळे वाचले यावर मी डॉक्टर नसताना बोलणार नाही. त्यांना जे होत होतं ते त्यांना सांगता आलं, एवढं मी नक्की म्हणू शकते. संध्याकाळी तुम्ही व्हिडिओ कॉल लावून दिलात. आई नेहमीप्रमाणे ओरडून बोलायला लागली तर बाबा म्हणाले, "हळू बोल, ऐकू येता माका."

आता दुसरी गोष्ट, जी बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. कान सुरू झाल्यावर दोन दिवसांनी त्यांनी तुमची बाही चिमटीत धरली, बोटांत फिरवून पाहिली आणि विचारलं, "गो बाय, ह्यां तुका कोणी दिल्यान?" तुमच्या अंगावर रेनकोट होता. बाजारात मिळतो तो. चांगले किट आयसीयूला जायचे, तुमच्या वाट्याला कधी पातळ गाऊन, कधी हे. विणकराच्या हाताला ते लगेच कळलं. ते म्हणाले, याला शिवण आहे आणि शिवणीवर पट्टी नाही, सुईच्या प्रत्येक भोकातून आत जाणार. तुम्ही म्हणालात, "आजोबा, हाच मिळाला." मग बाबांनी तुम्हाला दाखवलं कुठे कुठे चिकटपट्टी लावायची. काखेत, खांद्याच्या जोडावर, चेनच्या दोन्ही बाजूंना, आणि आतून. दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी लावून आलात आणि खाटेसमोर एकदा गोल फिरून दाखवलंत.

बाबांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं हे मला नंतर समजलं. कोइम्बतूरच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत या किटची चाचणी होत असे. कृत्रिम रक्त आरपार जातं का ते बघत आणि शिवणीवर सीलबंद पट्टी हवीच हा नियम होता. म्हणजे कागदावर सगळं माहीत होतं. नागपूरच्या एका डॉक्टरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 एप्रिल 2020 लाच सांगितलं होतं की रुग्णांवर उपचार करणाऱ्यांना संरक्षक साहित्य पुरवा. त्याआधी मार्चमध्ये कोलकात्यात डॉक्टरांच्या हातात रेनकोट पडले होते, हरियाणात एक डॉक्टर मोटारसायकलचं हेल्मेट घालून रुग्ण तपासत होता. आपल्या मुंबईत एप्रिलच्या सुरुवातीला एक मोठं खासगी रुग्णालय बंद करावं लागलं, कारण तिथल्या परिचारिका आणि डॉक्टरच मोठ्या संख्येने बाधित झाले होते. यानंतरही मे महिन्यात तुमच्या अंगावर शिवणीचा रेनकोट, आणि त्यातली चूक दाखवायला गिरणीतला एक निवृत्त कामगार लागला.

आणि आम्ही काय दिलं? 22 मार्चला थाळ्या, 5 एप्रिलला दिवे, 3 मेला हेलिकॉप्टरमधून फुलं. फुलं सुंदर दिसली असणार. त्याच सुमारास, 15 मेच्या सूचनेने, ड्युटी संपल्यावर मिळणारे चौदा दिवसांचे विलगीकरणही बहुतेकांसाठी बंद झालं. तुम्ही थेट घरी, सासूबाईंजवळ आणि लहान मुलाजवळ. तुम्ही मोरीत कपडे भिजवून मग मुलाला दुरूनच हाक मारायचात, हेही तुम्हीच सांगितलंत.

तुमच्यापैकी किती जणी गेल्या? सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत उत्तर आलं की आरोग्य हा राज्यांचा विषय, अशी केंद्रीय माहिती ठेवलेली नाही. तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने, इंडियन मेडिकल असोसिएशनने, 382 डॉक्टरांची यादीच पुढे केली. फेब्रुवारी 2021 मध्ये सरकारने आकडा दिला: 162 डॉक्टर, 107 परिचारिका, 44 आशा सेविका. संघटना म्हणाली, डॉक्टरच 734 गेले. निदान डॉक्टरांसाठी भांडायला संघटना तरी होती. वॉर्डातल्या मावशी, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक, शववाहिनीवरची मुलं यांची यादी कोणी केली?

गिरणीने बाबांचे कान घेतले आणि बोनस म्हणून एखादं वर्ष मिठाईचा पुडा दिला. तुमचंही तेच चाललं होतं हे बाबांना त्या बाहीवरून कळलं. म्हणून तर ते तुमच्यासाठी इतके हळवे आहेत. कामावर येणाऱ्याचं शरीर सांभाळणं हे काम देणाऱ्याचं काम, असं ते युनियनच्या दिवसांपासून म्हणत आले आहेत. तुमचा चांगुलपणा सांगताना मला एक भीती वाटते, की लोक म्हणतील, बघा, सामान नसतानाही माणसं कशी झटली! तसं कोणी म्हणू नये. तुमच्याकडे नीट किट असतं तरी तुम्ही ती बॅटरी आणलीच असती. तुमच्या गुणाला रेनकोटची काही गरज नव्हती.

तरीही, हेही खरं की त्या दिवसांनंतर मी माणसांकडे जरा वेगळं बघते. बँकेत पेन्शनचा फॉर्म भरून देणारा शिपाई, म्हाताऱ्याला चढता यावं म्हणून बस अर्धा मिनिट जास्त थांबवणारा बेस्टचा कंडक्टर. यांना वरून कोणाचा हुकूम नसतो आणि केलं नाही तर कोणी विचारतही नाही. आपलं शहर कोणाच्या जिवावर चालतं असं विचारलं तर मी याच लोकांकडे बोट दाखवेन.

आता या पत्राचं खरं कारण. या वर्षी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. बाबांना त्याचं काही अप्रूप नाही. पाहुण्यांची यादी करायला बसलो तर त्यांनी पहिलं नाव तुमचं सांगितलं. तुमचा जुना नंबर लागत नाही. मी रुग्णालयात गेले. तिथे कळलं की तुम्ही कंत्राटावर होतात, ऑर्डर काही महिन्यांची असायची, वाढत गेली आणि लाट ओसरल्यावर संपली. खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितलं की त्या वेळच्या कंत्राटी लोकांचं रजिस्टर इथे नाही. त्यांचा आवाज चांगला होता, हेही सांगायला हवं. त्यांनी मला पाणी विचारलं.

तुम्ही आता कुठे काम करता, करता की नाही, मला माहीत नाही. त्या काळातल्या अनुभवाचा दाखला तुम्हाला मिळाला नसेल आणि रुग्णाच्या मुलीने लिहिलेल्या कागदाला कुठे किंमत असेल, तर हे पत्र खुशाल जोडा. सही, पत्ता, आधार, जे लागेल ते मी देईन. कोणाला फोन करून विचारायचं असेल तर बाबांशी बोला म्हणावं. आता त्यांना नीट ऐकू येतं.

कार्यक्रम कोजागिरीनंतरच्या रविवारी, लालबागला, आमच्या चाळीच्या गच्चीवर. मुलाला आणि सासूबाईंना घेऊन या, जमलं तर त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही. पूजा असल्यामुळे त्या दिवशी वरणभात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे. बाबांचं म्हणणं आहे की तुम्ही सोमवारीही राहा, ते स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणणार आहेत.