बाबा परत तलावावर जायला लागले

प्रिय मन्या,

परवा तू फोनवर विचारलं बाबा कसे आहेत, आणि मी नुसतं "ठीक आहेत" म्हणून फोन ठेवला कारण तेव्हा शंकरनगरच्या सिग्नलला उभा होतो. पण खरं उत्तर मोठं आहे बे, म्हणून आज निवांत लिहून राहिलो. बाबा चालायला लागले. आणि कुठे माहिती आहे? अंबाझरीला, आपल्या नागपूरच्या त्याच तलावाच्या काठाने!

तुला तर सगळं माहितीच आहे. २३ सप्टेंबर २०२३, पहाटे मी तुला फोन केला तेव्हा आमच्या हॉलमध्ये मांडीपर्यंत पाणी होतं. रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी सरळ आमच्या लेआउटमध्ये, कॉलनीत. गाडी गेली, फ्रिज गेला, ते सगळं परत घेता येतं, पण आईचा लग्नाचा अल्बम खालच्या कप्प्यात होता, त्याची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली. बाबांनी ती पानं चार दिवस पंख्याखाली एकेक करून सोडवायचा प्रयत्न केला आणि मग एक दिवस काही न बोलता सगळं बांधून माळ्यावर ठेवून दिलं. ज्या माणसाने तीस वर्षं रोज सकाळी अंबाझरीच्या बांधावर फेरी मारली तो म्हणाला, आता त्या तलावाचं तोंड पाहायचं नाही. आणि खरंच नाही पाह्यलं, रिक्षासुद्धा दुसऱ्या रस्त्याने न्यायला लावायचे.

मग यंदा जूनमध्ये दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. फिजिओवाला म्हणे रोज सपाट जागेवर चाला, चढउतार नको. कॉलनीच्या बागेत नेलं तर तिथे फरशीवर गोल गोल फिरायचं, दोन चकरा झाल्या की बाबा बाकावर बसून जायचे, कंटाळले म्हणायचे. मी खूप विचार केला आणि ऑक्टोबरमध्ये एका रविवारी त्यांना न विचारता अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात घेऊन गेलो, ते वनविभागाचं, तलावाच्या मागच्या अंगाला आहे ना ते. गेटवर उतरल्यावर त्यांना कळलं कुठे आलो. पाच मिनिटं गाडीतच बसून होते. मी पण काही बोललो नाही. मग स्वतःच काठी काढली.

वाट एकदम सोपी आहे, मातीची, जवळपास सपाट, म्हातारं माणूस आणि लहान पोट्टं दोघंही आरामात चालतील अशी. एका बाजूला बाभळी, बोरी, पळस आणि उंच गवत, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि सकाळी साडेसहाला गेलं तर शहर इथून एवढं जवळ आहे हे खरं वाटत नाही. पहिल्या दिवशी आम्ही तीनशे पावलं चाललो असू. आता जाऊन येऊन दीड किलोमीटर होते, पण तासभर लागतो कारण बाबा दर दहा पावलांवर थांबतात, आणि मन्या, तुला सांगतो, त्या थांबण्यातच सगळी मजा आहे. मी इतकी वर्षं त्या भागात जॉगिंग केलं, मला काहीच दिसलं नव्हतं.

टिबुकली पाह्यली का तू कधी नीट? मुठीएवढं बदकासारखं पाखरू, आत्ता इथे दिसते आणि पुढच्या क्षणी गायब, मग आपण अंदाज लावायचा कुठून निघेल. बाबांचा अंदाज दहातून सात वेळा बरोबर येते. एकदा तिच्या पाठीवर पिसांतून दोन पिल्लांची डोकी बाहेर आलेली दिसली, तशीच घेऊन पोहत होती. ती घरट्यातून उठते तेव्हा अंड्यांवर ओलं गवत ओढून जाते म्हणे, कोणाला दिसू नयेत म्हणून. हळदीकुंकू बदक तर चोचीवरून लगेच ओळखू येते, टोकाला पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. बाबा म्हणाले, तुझ्या आईला हे नाव फार आवडायचं. वेडा राघू वाळक्या फांदीवर बसतो, मधमाशी पकडतो आणि फांदीवर घासून घासून तिचा काटा काढल्याशिवाय गिळत नाही, आम्ही एकाच राघूला पंधरा मिनिटं पाहत होतो. थंडी वाढली तसे वारकरी नावाचे पक्षी वाढले, काळं अंग आणि कपाळाला पांढरा टिळा, नाव कोणी ठेवलं असेल त्याला नमस्कार.

पण मला जे सांगायचं आहे ते वेगळंच. बाबा पाटबंधारे खात्यात होते हे तुला माहिती आहे. मागच्या आठवड्यात चालता चालता एका जागी थांबले आणि काठीने मातीवर रेघा काढायला लागले. हा पश्चिमेकडचा उतार, लावा, वाडी ह्या गावांकडून पाणी येते ते इकडून, हा तलाव, हा बांध, आणि इथून नाग नदी निघून गावात जाते, जिच्यावरून गावाचं नाव. दीडशे वर्षांपेक्षा जुना तलाव आहे, एकेकाळी नागपूर ह्याचंच पाणी प्यायचं, पेंच धरणाचं पाणी तर फार नंतर आलं. मग ओव्हरफ्लोच्या पुढे काठीने दोन रेघा एकदम जवळ जवळ ओढल्या आणि म्हणाले, "नदीला एवढीशी जागा ठेवली आपण. तलाव भरल्यावर पाण्याने जायचं कुठी?" आणि मग बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. मी पाह्यलं, त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

माझा राग अजून गेला नाही हे तुला खरं सांगतो. एवढ्या घरांत पाणी शिरलं, पुढच्या पावसाळ्यात शिरणार नाही ह्याची खात्री मला कोणी देत नाही, आणि ढग दाटले की मी आजही खालच्या कप्प्यातलं सामान वर ठेवतो. पण तो राग तलावावर नाही काढायचा हे बाबांमुळे समजलं.

तू संक्रांतीला येऊन राहिला ना? मग आल्या आल्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊ. पाठदुखीचं कारण नको देऊ, बाबा गुडघे बदलून चालतात. स्वेटर आण, पाण्याच्या बाजूला नागपूरची थंडी हाडात शिरते. परत येताना तर्री पोहे, तो ठेला अजून आहे. आणि हो, काल बाबांनी माळ्यावरून ती अल्बमची पिशवी खाली काढायला लावली. सात फोटो सुटले आहेत, एका फोटोत आई बांधावर उभी आहे, मागे पाणी, कडेला पाण्याचा डाग पडला आहे पण चेहरा नीट दिसते. बाबा म्हणे मन्या आला की ही जागा नेमकी कुठली ते शोधू.

तुझा,
सुऱ्या