स्नेहलच्या नोकरीचे कागद

मेलबर्न, रविवार

प्रिय वहिनी,

सा. न. स्नेहल अठराची झाली आणि बुटीबोरीत लागतेय, हे वाचून बरं वाटलं. 'सह्या मी करतो' असं दादा म्हणाला म्हणे. आता त्याची सही चालत नाही, एवढं त्याला तुम्हीच सांगा.

रुजू होण्याआधी तिची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून बघा. नावात किंवा जन्मतारखेत फरक राहिला की पीएफची केवायसी अडकते आणि पुढे पैसे काढताना अर्ज परत येतो. म्हणून आधी दुरुस्ती, मग यूएएन, म्हणजे तिचा पीएफचा नंबर. यूएएनला आणि बँक खात्याला मोबाईल नंबर तिचाच जोडा. खातं लहानपणी काढलेलं असेल तर नवी केवायसी आणि तिच्या सहीचा नमुना द्यावा लागेल.

काम ठेकेदाराकडचं असलं तरी नेमणूकपत्र आणि दरमहा पगारपावती मागायचीच. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होईल. १४,००० वर तिचे १०५ रुपये कापतात, मालक ४५५ भरतो. पावतीवर कपात दिसते आणि खात्यात भरणाच नसतो, हा ठेकेदारांचा जुना खेळ. पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघू द्या. लग्न ठरलं म्हणून पीएफ मोडू नका. नोकरी बदलली तरी यूएएन तोच राहतो, आणि पेन्शनला एकूण दहा वर्षं भरावी लागतात.

स्थळं बघताय, तर हेही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा ईएसआयमधून मिळते, पण आधीच्या दोन सहामाही कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. नोकरी लागल्या लागल्या दिवस राहिले तर ही रजा मिळेलच असं नाही. पाळणा लांबवायचा असेल तर नागपूरच्या डागा दवाखान्यात छाया ही गर्भनिरोधक गोळी आणि अंतरा हे इंजेक्शन फुकट मिळतं. छाया पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. इथेच वार चुकतात, तेव्हा कॅलेंडरवर खुणा करायच्या. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून लवकर मूल हवं असणाऱ्यांनी ते घेऊ नये.

आणि गर्भपाताची वेळ आलीच, तर अठरा पूर्ण झाल्यावर फक्त तिची लेखी संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आपली तर नाहीच. दवाखान्यात कुणी नवऱ्याची सही मागितली तर ती त्यांची सवय, कायदा नव्हे. लग्न झालेलं नसलं तरी हा हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. हे दादासमोर नको, तिला एकटीला सांगा.

धाकटा सोळाचाच आहे ना? दुकानात त्याला संध्याकाळी सातनंतर थांबवता येत नाही, आणि दिवसाला सुटीच्या तासासकट सहा तासांच्या वर नाही. मालकाला विचारून मला कळवा.

तुमची,
सुमन